हात अकोल्याला पोचेपर्यंत

गुरुवारी सकाळच्या अमरावती-अकोला गाडीत दारामागच्या पहिल्या सीटवर कोणी बसलं की मी अजून वाकून बघते. आता तिथे ते नसणार हे मला ठाऊक आहे. वय झालं, दवाखाना बंद केला आणि ते नागपूरला मुलीकडे राहायला गेले. तरी बघते. सवय आहे, जात नाही.

मी कंडक्टर आहे. लिहायला बसले की शाळेतली मराठी येते, राग आला की घरची. या माणसाबद्दल लिहिताना दोन्ही येतील, कारण जन्मात मी कुणावर एवढी चिडले नाही आणि कुणाची एवढी आठवणही काढली नाही.

ते हाडाचे डॉक्टर होते हे मला पहिली दोन-अडीच वर्षं माहीतच नव्हतं. मला वाटायचं, एक नंबरचा बह्याड, डोक्यानं सरकलेला म्हातारा आहे. उंच, काटकुळा, अर्ध्या बाहीचा पांढरा शर्ट. डिसेंबरच्या थंडीत अख्खी गाडी मफलर गुंडाळून बसलेली आणि हे अर्ध्या बाहीत. खांद्याला कापडी पिशवी. गाडीत चढले की आधी बसायचे नाहीत. पिशवीतून शिलाई मशीनच्या तेलाची बाटली काढायची, दाराच्या बिजागरीवर वाकायचं, वरच्या बिजागरीत थोडं तेल, खालच्या बिजागरीत थोडं. मग दार दोनदा लोटून कान लावून ऐकायचं. मागे चढणारे लोक शिव्या घालत उभे.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी म्हटलं, "ओ काका! गाडीच्या दाराशी काय करून राहिले?"

"तेल घालून राहिलो. रडून राहिलं ना बिचारं."

"गाडी तुमची हाय का?"

"गाडी माझी नाही. हात तर तुमचा हाय ना? दिवसभर हे दार तुमीच लोटता. बिजागरी जाम असली का सारा झटका कोपरात येते."

"माझ्या कोपराची काळजी मी पाहीन. तुमी बसा पहिले!"

बसले. पण पूर्ण रस्ताभर माझ्या तोंडाकडे नाही, माझ्या कोपराकडे बघत होते. मी मनात म्हटलं, हा माणूस एखाद दिवस मार खाईल.

ते डॉक्टर आहेत हे कळलं त्या दिवशी तर कमालच केली. गाडी मूर्तिजापूरला थांबलेली. पुढच्या सीटवर एक जाडजूड गृहस्थ बसले होते, पाठमोरे, हात दांडीवर टेकवलेला. डॉक्टर उठले, त्यांच्या हाताजवळ नाक नेलं आणि म्हणाले, "वरूड. संत्र्याच्या ट्रकवरून पडले होते तुमी. बरोबर?" तो माणूस वळला आणि उभाच राहिला. "डॉक्टर साहेब!" पाया पडायला लागला. हे आपले त्याचा हात वाकव, सरळ कर, तळवा वर, तळवा खाली. सगळं झाल्यावर विचारतात, "नाव काय म्हनलं तुमचं?" त्याच दिवशी त्यांच्याच गल्लीतले शेजारी गाडीत होते, नमस्कार करून करून थकले, यांना ओळखच पटेना. शेजाऱ्याचा कोपर कधी मोडलाच नव्हता, त्याला डॉक्टर काय करणार!

लोक विचारायचे, साहेब, लहानपणी तुमचा हात मोडला होता का? म्हणून हे वेड लागलं का? ते वैतागायचे. "माझे दोन्ही कोपर ठणठणीत हायेत. पोट दुखल्याबिगर पोटाचा डॉक्टर होता येत नाही का?" मूळचे तिवशाकडचे. अमरावतीला छोटा दवाखाना, आणि दर गुरुवारी अकोल्याला दुसऱ्या एका दवाखान्यात पेशंट बघायला जायचे. मोटार होती म्हणे घरी. पण मोटारीत एकट्याचेच कोपर दिसतात, बसमध्ये पन्नास जणांचे दिसतात, असं त्यांचं म्हणणं.

मग माझाच कोपर मोडला.

भावाच्या मोटरसायकलवर मागे बसून नांदगाव खंडेश्वरहून येत होते. समोर डुक्कर आलं. भाऊ वाचला, डुक्कर वाचलं, मी उजव्या हातावर पडले. पहिल्या दवाखान्यात हाड जागेवर बसवलं, पलस्तर केलं, घरी पाठवलं. त्यांचं काही चुकलं नाही, ते मोडणंच वंगाळ होतं. कोपराची दोन हाडं तुटलेली, वरून सांधा धरून ठेवणाऱ्या दोऱ्या तुटलेल्या. पलस्तराच्या आतच सांधा पुन्हा सटकला. हाताची बोटं सुजून काळी पडायला लागली, तेव्हा कुणीतरी एका हाडाच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. गाडीतल्या म्हाताऱ्याचं नाव मला कुठे ठाऊक होतं! आत गेले आणि बघते तर खुर्चीत माझा बह्याड पॅसेंजर!

"जयभीम साहेब," मी म्हटलं. "वळखलं का?"

"जयभीम. बाही वर करा," ते म्हणाले. कसली ओळख आणि कसलं काय.

फोटो लावून बराच वेळ बघत बसले. मी म्हटलं, "साहेब, मी कंडक्टर हावो. उजव्या हातानं तिकीट, उजव्या हातानं दोरी, उजव्या हातानं दार. हात नाही आला तर माझी गाडी जाईन. मले टेबलावर बसून कागद नाही रंगवायचे. मले माझी गाडी पायजे."

तेव्हा ते उठले. कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाशी गेले, त्याचं दार उघडझाप करून दाखवलं. "पाहा. पलस्तर करून ठेवलं तर कोपर जागेवर राहीन, पण त्याचा दगड होईन. मोकळा सोडला तर हालन, पण सटकन. मले दोन्ही पायजे. जागेवरबी राहावा आन् हालावाबी. आतली हाडं बसवतो, दोऱ्या शिवतो. त्यानं भागलं तर भागलं. नाही तर बाहेरून बिजागरी बसवू. दंडात दोन सळया, हातात दोन सळया, मंदात बिजागरी. ते आतल्या कोपराले धरून ठेवीन, आन् तुमी हात हालवान."

"सळया? हाडात?"

"हाव. हाडात."

आई तिथेच खुर्चीत मटकन बसली.

ऑपरेशनच्या वेळी हात बधिर केला होता, मी जागी होते. मधे हिरवा पडदा, पलीकडे ते. आतलं सगळं शिवून झालं, त्यांनी हात हलवून बघितला आणि म्हणाले, "सटकते. बिजागरी आणा." मग खरा तमाशा सुरू झाला. बाहेरची बिजागरी आतल्या कोपराच्या नेमक्या मध्यावर यावी लागते. त्यासाठी आधी एक तार घालून तो मध्य शोधायचा. तार घातली, मशीनवर बघितलं, काढली. पुन्हा घातली, काढली. सोबतचे डॉक्टर दमले होते बिचारे. म्हणाले, "सर, चालते एवढं."

"चालते?" पडद्यापलीकडून आवाज आला. "कपाटाची बिजागरी एवढी सरकवून पाहा बरं. दार लागते का? दार कुरकुरते, मंग अडते, मंग खिळे उपटते. दाराले चालत नाही ते हाताले कसं चालन? काढा."

पुन्हा काढली. मला बाप्पा भीती वाटायची सोडून हसू यायला लागलं. ज्या माणसानं माझ्या गाडीच्या दाराला कधी कुरकुरू दिलं नाही, तो माझ्या हाताला कुरकुरू देणार नव्हता. शेवटी "आता आलं" असं ते हळूच म्हणाले, आणि मला झोप लागली.

घरी आले तर हातावर लोखंडाचा सांगाडा. बघायला येणाऱ्या बायका दारातूनच "माय माय माय!" करायच्या. रोज उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यानं सळयांच्या मुळाशी पुसायचं, आणि रोज हात हलवायचा. हे दुसरं काम कुणाच्या पचनी पडेना. आपल्याकडे हाड मोडलं की हलू नये, एवढंच सगळ्यांना ठाऊक. येणारा प्रत्येक जण सांगायचा, "हालवू नको बाई, जुळू दे." आई माझ्या हाताखाली दोन उशा ठेवायची आणि दम द्यायची.

आणि माझा भाऊ! नांदगावला त्याचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान. माझ्याहून लहान, पण ट्रॅक्टरच्या दुनियेत त्याला सगळे मिस्त्री म्हणतात. अपघात त्याच्या गाडीवरून झाला, म्हणून तो रोज यायचा, सांगाड्याकडे बघत बसायचा. एक दिवस म्हणाला, "ताई, बिजागरीचा हा नट ढिला हाय ना वं! एवढं मोठं ऑपरेशन केलं आन् नट सैल सोडून देला? कसे हायेत हे डॉक्टर!" पेटीतून पाना आणला आणि प्रेमानं आवळला. चांगला गच्च. हात हलेनासा झाला, तसं दुखणंही थांबलं. आई म्हणाली, "आता कसं बसलं!" मीही पहिल्यांदा नीट झोपले. भाऊ खूश.

पुढच्या तपासणीला त्यांनी माझा हात धरला, वाकवायला गेले आणि थांबले. बिजागरीवर बोट फिरवलं.

"कोनं केलं हे?"

"मी, साहेब," भाऊ पुढे आला. कौतुक होईल असं वाटलं असावं त्याला. "ढिला होता. आवळून देला."

डॉक्टर असे ओरडले की बाहेरच्या बाकावरचे पेशंट उभे राहिले. "अबे, ट्रॅक्टरचा नट ढिला झाला तर चाक निखळते! हा ढिलाच ठेवला होता मी! त्याच्यासाठीच तर एवढी झटापट केली! हात हालला पायजे म्हनून सळया घातल्या हाडात, आन् तू कुलूप लावून देलं? दगड करून राहिला तू बहिणीचा हात, समजते का काही?"

भावाचं तोंड पांढरं पडलं. एवढा बाप्या माणूस, भिंतीला टेकून रडायला लागला. मलाही रडू फुटलं, आणि रागही आला. मी म्हटलं, "साहेब, त्याले काहून बोलता? त्यानं काय जाणूनबुजून केलं? तुमी सांगितलं होतं का त्याले?"

ते आत गेले. परत आले तेव्हा हातात पाण्याचा ग्लास होता, तो भावाला दिला. म्हणाले, "तुले नाही सांगितलं, हे खरं हाय. पाना आणला का सोबत?"

"हाव."

"दे इकडं." पाना घेऊन त्यांनी टेबलाच्या खणात टाकला. मग एका डबीतून छोटी चावी काढली आणि बिजागरीच्या बाजूचा एक बारीक स्क्रू दाखवला. "ही फिरवली का हात जरा-जरानं वाकते. रोज सकाळी, रोज संध्याकाळी. बहीण ओरडन. ओरडू द्यायची. हे काम आता तुझं."

"मी? नाही साहेब. माझ्याच्यानं नाही होत."

"आवळता येते त्याले सोडताबी आलं पायजे, मिस्त्री."

मग माझ्याकडे वळले. हात सरळ असतो तिथपासून तोंडापर्यंत बोटानं हवेत एक रेघ ओढली. "कंडक्टर हाय म्हनता ना तुमी? ही तुमची अमरावती." सरळ हातावर बोट ठेवलं. "हे तोंड म्हंजे अकोला. आता सांगा, मंदात गावं कोनती?"

"बडनेरा, लोणी, कुरुम, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू," मी सवयीनं बोलून गेले.

"बस. मले अंश-बिंश सांगू नका. कोनत्या गावाले पोचल्या ते सांगा."

तेव्हा मी बडनेऱ्याच्याही अलीकडे होते.

ते दिवस मी विसरणार नाही. भाऊ नांदगावहून पहाटेच निघून यायचा, हात स्वच्छ धुवायचा, माझ्यासमोर मांडी घालून बसायचा आणि चावी फिरवायचा. मी त्याला, डॉक्टरांना, त्या डुकराला, सगळ्यांना शिव्या द्यायची. त्याच्या डोळ्यांतून पाणी, माझ्या डोळ्यांतून पाणी, आणि आई आतल्या खोलीत कानावर हात ठेवून. "ताई, लोणी आलं. थांबू का?" "नाही. कुरुम घे." मी म्हणायची कुरुम घे! मला गाडी हवी होती. भाऊ एकदाही चुकला नाही. ज्याच्या हातानं कुलूप लागलं त्याच्याच हातानं ते रोज उघडत होतं. डॉक्टरांनी त्याला शिक्षा दिली की औषध दिलं, हे मला आजही सांगता येत नाही.

दवाखान्यात गेलं की पहिला प्रश्न, "कुठी आल्या?" "मूर्तिजापूर." "चहा प्या आन् पुढं चाला." याहून जास्त कौतुक नाही. एकदा सळईची जागा लाल झाली, ताप आला. आई म्हणाली, काढून टाका हे लोखंड. ते म्हणाले, "औषध देतो. लोखंड निघणार नाही, हात थांबणार नाही." आणि तसंच झालं. लाली गेली, लोखंड राहिलं, हात चालत राहिला.

मग सांगाडा निघाला. त्या दिवशी त्यांनी खणातून पाना काढून भावाला परत दिला. पुसून, तेल लावून ठेवला होता. भावानं तो अजून ट्रॅक्टरला लावलेला नाही.

सगळं छान झालं असं वाटलं, आणि हात बोरगाव मंजूला अडला. काही केल्या पुढे जाईना. घास तोंडाच्या चार बोटं अलीकडे थांबायचा, मान पुढे काढून मीच घासाकडे जायची. ड्यूटीवर हजर व्हायचा दिवस जवळ आला. त्याआधी हात पूर्ण बरा असल्याचं डॉक्टरांच्या सहीचं पत्र हवं होतं. मी गेले, म्हटलं, सही द्या.

"नाही देत."

"साहेब, जवळजवळ झालंच ना."

"बोरगावले उतरलेल्या माणसाले अकोल्याचं तिकीट देता का तुमी?"

मी एवढी चिडले की सांगता सोय नाही. "आहो, माझी नोकरी हाय ती! कोनीबी डॉक्टर देईन सही! चार बोटांनी काय होते?"

"मंग कोनाकडूनबी घ्या. पण चालत्या गाडीत तोल गेला, दांडी धरायले हात अर्ध्यात अडला, तर पडणार तुमी. मी नाही पडणार. माझी सही पायजे असन तर अकोल्याले पोचा. गुरुवारी मी गाडीत असतोच. बाजूची सीट धरून ठेवतो."

दुसऱ्या डॉक्टरकडे जायला मी निघाले होते, खोटं कशाला बोलू. पण चौकात रिक्षा थांबवायला हात वर केला, तो अर्धाच गेला. घरी परत आले.

गुरुवारी माझ्याच गाडीत मी पॅसेंजर. बाजूला डॉक्टर. गाडी सुटली तसं त्यांनी माझं मनगट धरलं ते अकोल्यापर्यंत सोडलं नाही. हळूहळू वाकवत राहायचे, तोंडानं दुसऱ्याच गप्पा. त्या पेशंटचा कोपर, या पेशंटचा कोपर. मी ओरडले की पूर्ण गाडी वळून बघायची. एका म्हातारीनं तर त्यांना झापलंच, "लेकीले काहून छळून राहिला रे बाप्पा?" ते म्हणाले, "तिच्याच कामासाठी, आजी." पुढच्या गुरुवारी पुन्हा. त्याच्या पुढच्याही. बोरगाव मंजूचा थांबा आला की मला रडूच यायचं. गाडी पुढे जायची, माझा हात तिथेच. शेवटी हजर व्हायची तारीख मी पुढे ढकलून घेतली. अर्धा हात घेऊन गाडीत चढायचं नाही, हे आता माझंही ठरलं होतं.

एका गुरुवारी अकोल्याच्या स्टँडवर उतरलो. समोरच्या ठेल्यावर गरम आलुबोंडे निघत होते. त्यांनी दोन घेतले, एक माझ्या उजव्या हातात ठेवला आणि स्वतःचा खायला लागले. माझ्याकडे बघितलंच नाही. मला सकाळपासून भूक लागलेली. मी आलुबोंडा उचलला आणि चावा घेतला. जीभ भाजली. दुसरा चावा घेताना माझ्या लक्षात आलं की मान सरळ होती. मान पुढे न काढता मी खात होते!

"साहेब," मी म्हटलं, तोंड भरलेलं, डोळे भरलेले. "साहेब, अकोला."

त्यांनी बघितलं. माझ्याकडे नाही, कोपराकडे. खूप वेळ बघितलं. मग तेलकट बोटं रुमालाला पुसली, पिशवीतून कागद काढला, मांडीवर धरून सही केली. "जा. गाडी सांभाळा," म्हणाले आणि दवाखान्याच्या दिशेनं चालू लागले. माझा आलुबोंडा संपेपर्यंत ते गर्दीत दिसेनासे झाले.

मी हजर झाले. पहिले काही महिने मला दुसरी ड्यूटी लागली, वरूड-मोर्शीकडची. अकोल्याची गाडी पुन्हा मिळाली तेव्हा थंडी पडली होती. गुरुवार होता. मी खाकीवर जाड स्वेटर घातलेला. मुद्दाम केस नीट बांधले होते, स्वतःच्या दोन्ही हातांनी. ते आले. अर्ध्या बाहीत. बिजागरीत तेल घातलं, दार लोटून ऐकलं, सीटवर बसले. मी समोर उभी राहिले, हसले.

"एक अकोला," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

माझा असा संताप झाला! एवढे महिने माझी हाडं पिळली या माणसानं, आणि वळख नाही? एक शब्द नाही? तिकीट दिलं, तोंड फिरवलं, आणि घंटीच्या दोरीला हात घातला. उजवा. दोनदा ओढली. स्वेटरची बाही घसरून दंडापर्यंत खाली आली. सळयांचे डाग दिसले असतील. गाडी निघाली.

"थांबा," मागून आवाज आला. "तुमी होय!"

मी वळले. म्हातारा सीटवरून अर्धा उठला होता. इतक्या वर्षांत त्यांना असं हसताना मी कधी बघितलं नव्हतं, आणि तेव्हाही ते माझ्या तोंडाकडे बघत नव्हते.

"मस्त," ते म्हणाले. "पण परतीच्या गाडीचं काय? सरळ करताना बडनेऱ्याले थांबून राहिला हात. अमरावती पुरी नाही आली. ओढा पुन्हा, पार सरळ करून."

"साहेब, बेल हाय ते!"

"ओढा म्हनतो ना."

मी ओढली. हात पार वर, पार सरळ, होता तेवढा सारा. घंटी एकदा वाजली, म्हणजे थांबा. ड्रायव्हरनं कचकन ब्रेक मारला, गाडीतले सगळे पुढच्या सीटवर आदळले.

"काहून थांबवली वं?" तो पुढून ओरडला.

"काही नाही," मी म्हटलं. "हात पाहून राहिले डॉक्टर." आणि पुन्हा दोनदा ओढली.